टोकन दाखवलं की सायकल

नागपुरात बर्डीच्या सायकल स्टँडवर कुलूप लावू देत नसत. नवा माणूस यायचा, सवयीने मागच्या चाकाचं कुलूप दाबायचा, किल्ली खिशात टाकून चालू लागायचा, की मागून स्टँडवाल्याचा घोगरा आवाज यायचा, "ओ भाऊ, कुलूप खोला! मी सरकवू कशी? डोक्यावर घेऊ काय?" त्याचंही खरं होतं. व्हरायटी चौकाच्या अलीकडे दोन कडुनिंबांच्या मधली ती जागा. चार बांबू, त्यांना बांधलेला दोर आणि अर्ध्या भागावर टिनाचं छप्पर. तेवढ्यात तो शंभरावर सायकली कोंबायचा, आणि मॅटिनीचा खेळ सुटला की आतल्या बाहेर, बाहेरच्या आत असं त्याचं चालायचं. त्यात कुलूप लावलेली एक सायकल म्हणजे ऐन वरातीत अडून बसलेलं घोडं.

कुलपाच्या बदल्यात तो टोकन द्यायचा. टिनाचे दोन सारखे तुकडे, दोन्हींवर खिळ्याने ठोकलेला एकच आकडा. एक तुकडा तारेने हँडलला लटकायचा, दुसरा आपल्या हातात यायचा. परत आलं की आपला तुकडा द्यायचा आणि सायकल घ्यायची. नाव नाही, गाव नाही, सही नाही.

माझ्या बाबांना हा प्रकार इतका आवडायचा की टोकन देवघरात मांडायचं तेवढं बाकी होतं. ते भिवापूरकडच्या एका खेड्यातले. बापाच्या वावरात मिरच्या तोडून तोडून हात पोळले तेव्हा शिकायला म्हणून नागपूरला आले आणि इथेच एका सरकारी कचेरीत कारकून झाले. गावाची आठवण निघाली की मिरचीची चव सोडून दुसरं काही चांगलं ते सांगत नसत. "गावात पहिले पुसते, कोनाचा तू?" ते म्हणायचे. "मंग पुसते, कोनत्या मोहल्ल्यातला? मंग ठरवते, याले बसाले सतरंजी द्याची का पोतं. टोकन तसं नाही. टोकन दाखोलं का सायकल. तुम्ही कोन का असा ना!"

कचेरीतही त्यांच्याकडे टोकनाचीच खिडकी होती. लोकांनी कागद आत सारायचा, बाबांनी पितळी टोकन बाहेर द्यायचं, नंबर पुकारला की टोकन आत आणि काम बाहेर. तीस वर्षं ते हेच करत होते, आणि तीस वर्षांत टोकनवाल्या माणसाला त्यांनी रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही. शेजारच्या खिडकीवरचे बाबू जेवणाची सुट्टी झाली की खुशाल "उद्या या" म्हणायचे. ते दोन शब्द बाबांच्या डोक्यात जायचे. घरी येऊन टोपी काढायच्या आधी त्यांच्या नावाने बोटं मोडायचे. "हाती टोकन असलेल्या मानसाले म्हनते, उद्या या! अरे, मंग टोकन काहून देलं?"

आम्ही गणेशपेठेत राहायचो. आई, बाबा आणि मी. मी तेव्हा तिशीची, सकाळच्या शाळेत प्राथमिकला शिकवायची, लग्न झालेलं नव्हतं आणि त्याबद्दल बोलणाऱ्याला मी दाराबाहेरूनच वाटेला लावायची. मोठा भाऊ कोराडीला वीज केंद्रात होता, तिथल्याच कॉलनीत बायको-मुलांसह राहायचा आणि महिन्यातून एखाद्या रविवारी बसने यायचा. बुटांवर राखेचा थर असायचा आणि तोंडात सल्ले.

बाबांची सायकल काळी, चोवीस इंची, पूर्ण चेनकव्हरवाली. मी लहानपणी तिच्या पुढच्या दांडीवर दुपट्ट्याची घडी टाकून बसत असे. सीटवर आईने तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याची खोळ शिवून चढवली होती, ती फाटली की त्याच लुगड्याच्या दुसऱ्या टोकाची नवी खोळ यायची. त्या एका लुगड्याने सीटचे पंधराएक वर्षं लाड पुरवले. नागपुरात काळ्या सायकली पैशाला पासरी, पण हिरव्या लुगड्याची सीट एकच.

निवृत्त झाल्यावर बाबांनी काही बदललं नाही. अकरा वाजता निघायचे, लोहापुलाखालून बर्डीला जायचे, स्टँडवर सायकल लावायची, टोकन खिशात टाकून खिशाची गुंडी लावायची, वाचनालयात सगळी वर्तमानपत्रं वाचायची, दोन जुन्या मित्रांबरोबर चहा प्यायचा आणि पाचला घरी. कामच नव्हतं, पण हजेरी चुकली नाही.

तिसऱ्या वर्षी, शाळा उघडल्या तरी पाऊस आला नव्हता तेव्हा, एका संध्याकाळी ते पायी घरी आले. घामाने चिंब झालेले. मी विचारलं, "बाबा, सायकल कुठी हाय?"

"कोनती सायकल?" ते म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघून हसले. "अरे हाव, सायकल! राहिली ना वं स्टँडवर." मीही हसले. आई मात्र हसली नाही. तिने नुसता पाण्याचा गडवा पुढे केला.

त्यांच्या खिशात टोकन होतं. सत्तेचाळीस. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी ते घेऊन बर्डीला गेले. स्टँडवाला संत्र्याच्या पेटीवर बसला होता, खांद्यावर दुपट्टा, हातात तारेला ओवलेल्या टोकनांची माळ. बाबांशी त्याची पंधरा वर्षांची ओळख, त्यामुळे मीही ओळखीची. त्याने टोकन उलटंपालटं केलं आणि माळेतून आपल्या सत्तेचाळीसची जोडी काढून दाखवली. "माहे दोनी तुकडे माह्याजवळच हाय, मास्तरीनबाई. बाबूजी तं काल इकडे फिरकलेच नाही."

"मंग हे कोनाचं टोकन?"

"आता ते टोकनालेच पुसा!" असं म्हणून तो हसला, आणि मला त्याचा फार राग आला. पण राग काढून करणार काय. शहरात टोकनं कापून देणारा टिनवाला एकच असावा, कारण सगळ्या स्टँडांची टोकनं एकसारखीच. त्यावर आकडा असायचा, स्टँडचं नाव कोणीच टाकत नसे. बाबा ज्या गोष्टीचं एवढं कौतुक करायचे तीच आता आडवी आली होती.

मी बसस्टँडवर गेले. तिथल्या स्टँडवाल्याने सत्तेचाळीस नंबर बघितला आणि दुधाच्या दोन कॅन टांगलेली सायकल ओढून माझ्यापुढे उभी केली. "ही आमची नाही," मी म्हटलं. "मंग टोकन कशाले दाखवता?" तो वैतागला. कोर्टाजवळच्या स्टँडवर सत्तेचाळीस म्हणजे बायकांची सायकल निघाली. एका सरकारी दवाखान्याबाहेरच्या स्टँडवर मात्र काळी, चोवीस इंची, चेनकव्हरवाली सायकल पुढे आली आणि माझा जीव भांड्यात पडला. पण सीट लाल रेक्झिनची होती. हँडलच्या मुठीही वेगळ्या. ऊन डोक्यावर आलं होतं, पाय बोलत होते, मी घरी परतले.

आणि घरी येऊन मी शहाणीने बाबांच्या देखत आईला सांगितलं, की दवाखान्याच्या स्टँडवर अगदी आपल्यासारखी सायकल होती, नंबरही सत्तेचाळीसच, मी तर फसलेच होते. टोकन मी खुंटीवरच्या त्यांच्या सदऱ्यात परत ठेवलं. त्यांचं होतं, म्हणून त्यांच्या खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर अंगणात घंटी वाजत होती. बाबा सायकलवर बसून, एक पाय ओट्याला टेकवून, लग्नघरच्या वाजंत्र्यासारखे घंटी वाजवत होते. "घ्या! तुले सापडली नाही, मले सापडली. टोकन दाखोलं, देली त्यानं."

आई बाहेर आली आणि सीटकडे बघत राहिली. "माही खोळ कुठी गेली?"

"कोनती खोळ?"

"बाबा, हे आपली सायकल नाही," मी म्हटलं. "सीट पाहा. मुठी पाहा."

बाबांनी सीट पाहिली, मुठी पाहिल्या. त्यांच्या कपाळावर आठी आली, आणि क्षणभर मला वाटलं की त्यांना कळलं. मग ते मला लहान पोरीला समजवावं तसं समजावू लागले. "टोकन सत्तेचाळीस. सायकल सत्तेचाळीस. आन तू म्हनते आपली नाही? डोये फसवते पोरी, टोकन फसवत नाही."

हेच तर त्यांनी आम्हाला शिकवलं होतं.

सायकल परत करायला मी गेले, एकटी, हातात धरून, चढून बसायचीही हिंमत झाली नाही. स्टँडजवळ एक माणूस उकिडवा बसला होता, बाजूला रिकामा डबा. त्याची बायको वॉर्डात होती. डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शन आणायला तो सायकल घ्यायला आला, सायकल नाही, तेव्हा भर उन्हात बर्डीपर्यंत पायी धावत गेला आणि आला. त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी आनंदाने खाल्ल्या असत्या. मी बाबांचं सांगितलं. तो म्हणाला, "होते, बाई. म्हातारपन हाय." टायर दाबून पाहिलं आणि सायकल घेऊन गेला. तिथल्या स्टँडवाल्याच्या हातात तीन सत्तेचाळीस होते, त्याची जोडी आणि आमचं एक. "उचला तुमचं," तो म्हणाला. मी विचारलं कोणतं. "कोनतंही उचला, सारखेच तं हाय."

आमची सायकल रेल्वे स्टेशनच्या स्टँडवर निघाली. हिरव्या खोळीवर बोटभर धूळ. बाबा स्टेशनवर काय करायला गेले होते, कोणाला घ्यायला की कुठे जायला, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "स्टेशनवर? मी?"

त्या रविवारी भाऊ आला. चहा पिता पिता सगळं ऐकलं आणि म्हणाला, "सायकलले कुलूप लाव आन किल्ली लपव. सोपं हाय."

"सोपं हाय तं तूच राहून पाहा ना दादा चार दिवस," मी म्हटलं.

"माही शिफ्ट असते. तुही सकाळची शाळा, दिवसभर तं घरीच राहते तू." आणि चारच्या बसने गेला. माझी सकाळची शाळा म्हणजे त्याच्या लेखी सुट्टीच होती.

किल्ली आम्ही डाळीच्या डब्यात लपवली. बाबा दोन दिवस किल्ली शोधत होते. गाद्या उलट्या केल्या, देव उचलून पाहिले, शेजारच्यांना विचारून आले. तिसऱ्या दिवशी ओसरीत सायकलजवळ खाली बसले आणि कुलपात बोट घालून घालून पाहू लागले. आईने डाळीचा डबा उघडला, किल्ली त्यांच्या हातात दिली आणि मला म्हणाली, "मले नाही पाहवत वं." मी आईवर ओरडले. पण मलाही पाहवत नव्हतं, हे तिला माहीत होतं.

पंधरा दिवस बरे गेले. मग एका दुपारी दारात टेम्पो उभा राहिला. मागे सायकल आडवी टाकलेली, पुढे ड्रायव्हरच्या बाजूला बाबा आणि एक अनोळखी माणूस. त्या माणसाची उमरेड रोडवर, शहर संपतं तिथल्याही पुढे, चहाची टपरी होती. बाबा त्याच्यासमोर ट्रकच्या वाऱ्याने भेलकांडून रस्त्याच्या कडेला पडले. गुडघा फुटला. त्याने उचलून विचारलं, कुठे निघाला बुवा, तर म्हणाले, घरी. घर कुठे, तर म्हणाले, भिवापूर. खिशात पेन्शनचं पुस्तक होतं म्हणून गणेशपेठेचा पत्ता सापडला. "नशीब समजा," तो माणूस म्हणाला. "मागून दुसरा ट्रक येऊन राहिला होता."

ज्या गावाचं नाव काढलं की ते नाक मुरडायचे, त्या गावाला ते सायकलने निघाले होते. आई त्यांच्या गुडघ्यात हळद भरत होती आणि ते तिला म्हणत होते, "अंधाराच्या आत पोचलो असतो." त्या दिवशी मी ठरवलं की सायकल गेली पाहिजे.

पण कशी? विकली तर ते रोज विचारणार, आणि आईला खोटं बोलता येत नाही. मोडून ठेवली तर दुरुस्त करायला घेऊन जाणार. मला वाटलं होतं मी फार हुशार आहे. मी बर्डीला गेले आणि स्टँडवाल्याला सांगितलं, की उद्या बाबा सायकल लावतील, ती परत द्यायची नाही. टोकन दाखवलं तरी नाही. मागे कुठे तरी ठेवून द्या, काहीही सांगा.

तो पेटीवरून उठून उभा राहिला. "टोकन आनल्यावर नाही कसं म्हनू, मास्तरीनबाई? मंग माह्या स्टँडले अर्थ काय?"

मी उमरेड रोड सांगितला. ट्रक सांगितला. गुडघा सांगितला. तो नुसती मान हलवत राहिला. शेवटी मी भर रस्त्यात रडले, आणि मला रडणं येत नाही, ते ओरडण्यासारखंच होतं. सायकली लावायला आलेले लोक थांबून बघू लागले. तेव्हा तो म्हणाला, "ठीक हाय. पन एक करा. त्याईच्या खिशातून टोकन काढून घ्या. टोकन हातात नसलं तं ते मांगनार नाही, आन मले नाही म्हनाव लागनार नाही."

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बाबा सायकल घेऊन गेले आणि पाच वाजता पायी आले. "आत कोंबली गेली म्हने सायकल," त्यांनी आईला सांगितलं. "काढता येत नाही म्हने. उद्या देतो म्हनला." एवढंच. ना राग, ना कुरबुर. जेवून झोपले. त्यांचा सदरा खुंटीवर होता. मी जाऊन खिशाची गुंडी काढली, टोकन बोटांना लागलं. अकरा नंबर. आतल्या खोलीतून त्यांच्या घोरण्याचा आवाज येत होता. मी गुंडी परत लावली. का लावली ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. चोरी केल्यासारखं वाटलं म्हणावं, तर जे केलं ते काय चोरीहून कमी होतं?

असं मी तीनदा केलं. तिन्ही वेळा गुंडी काढली आणि लावली. त्या एका टिनाच्या तुकड्यामुळे त्यांना रोज सकाळी आठवायचं, की आपली सायकल स्टँडवर आहे. बाकी बरंच सुटत चाललं होतं. वाचनालय सुटलं, मित्रांची नावं सुटली, भावाला एकदा "कोनाकडून आले?" असं विचारलं. पण खिशात हात गेला की टोकन लागायचं आणि ते निघायचे. लोहापुलाखालचा रस्ता पायांना पाठ होता. जायचे, टोकन पुढे करायचे, नाही ऐकायचे, यायचे. काल नाही म्हटलं होतं हे दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात नसायचं. भाऊ म्हणाला, "मंग बरंच हाय ना, त्याईले त्रास नाही." मी उठून आत गेले, नाहीतर माझ्या हातचा चहा त्याच्या राखेच्या बुटांवर गेला असता.

एकदा भाजी घ्यायला बर्डीला गेले तेव्हा स्टँडवाल्याने मला हाक मारली. दोराच्या अगदी आतल्या कोपऱ्यात, टिनाखाली, आमची सायकल उभी होती. पुसलेली. दोन्ही चाकांत हवा. "रोज पुसतो मी," तो म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता. "बाबूजी रोज नव्यानं मांगते, मास्तरीनबाई. मी रोज नव्यानं नाही म्हनतो. त्याईचं आठवत नाही, पन माहं सारं आठवते. तुमी टोकन काहून नाही घेऊन राहिल्या?"

"घेते," मी म्हटलं.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या. एक दिवस अकराला बाबा निघाले आणि थोड्या वेळाने मी मागून निघाले. टोकन आज मागूनच घ्यायचं, सरळ हात पुढे करून, बाबा ते मला द्या, असं घोकत घोकत. पोचले तेव्हा स्टँडवर सणाची गर्दी होती. खरेदीला आलेले लोक टोकन फेकत होते, सायकली घेत होते. बाबा दोराशी उभे होते. हात पुढे, तळव्यावर टोकन. स्टँडवाला त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूने लोकांना सायकली देत होता. अकरा नंबर काही दिसतच नाही असं त्याने चालवलं होतं. एक कॉलेजचा मुलगा मागून आला, टोकन दिलं, सायकल घेऊन गेला. दुसरा आला, गेला. बाबांचा हात तसाच. रांग मोडणाऱ्यांतले नव्हते ते. आपला नंबर येईल म्हणून उभे होते.

मी जवळ गेले. स्टँडवाल्याने मला पाहिलं आणि दोन्ही हात खाली सोडले. मग तो बाबांना म्हणाला, "तुमीच पुसा याइले. याइलेच पुसा." आणि पाठ फिरवून सायकली सरकवू लागला.

बाबा माझ्याकडे वळले. कोणी साहेबीणबाई आल्या असाव्यात तशी त्यांनी टोपी सारखी केली.

"बाई, तुम्ही जरा पाहा," ते म्हणाले. आवाज अगदी शांत, कचेरीतला. "माह्याजवळ टोकन हाय. अकरा नंबर. सायकल तिकडे उभी हाय, इथून दिसून राहिली. मी कोन, कुठचा, ते काही सांगत नाही मी. त्याची गरज नाही. टोकन हाय."

त्यांनी माझ्याशी "तुम्ही" कधीच केलं नव्हतं. मी त्यांच्या डोळ्यांत बघत होते, मी तिथे कुठे सापडते का म्हणून. त्यांनी टोकन माझ्या हातावर ठेवलं. मागायची वेळच आली नाही. त्यांच्या खिशाच्या उबेने ते गरम होतं. मी फक्त मूठ मिटायची होती. किंवा वळून म्हणायचं होतं, द्या हो त्यांची सायकल, काय व्हायचं ते होऊ दे. उमरेड रोडवर मागून येणारा ट्रक मला दिसला आणि पुढे केलेला रिकामा तळवाही दिसला. दोन्हींपैकी काही माझ्याने होईना.

मी टोकन नीट पाहिलं, नंबर वाचला आणि ते त्यांना परत दिलं. मग माझ्या तोंडून निघालं, "उद्या या."

मला वाटलं आता ते भडकतील. मला ते हवंच होतं. टोकन काहून देलं मंग, असं त्यांनी एकदा माझ्या तोंडावर म्हणावं. ते "बरं" म्हणाले. टोकन खिशात टाकलं, गुंडी लावली, ती लागली का ते बोटाने चाचपून पाहिलं आणि लोहापुलाच्या दिशेने चालू लागले.

मी दहा पावलं मागे राहून चालत होते. पुलाखाली सावलीत ते थांबले, दम खाल्ला आणि मागे वळले. मी येईपर्यंत तिथेच उभे राहिले. माझे रिकामे हात पाहिले, माझ्या धुळीने भरलेल्या चपला पाहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर फार कणव आली.

"तुमची बी नाही देली काय?" त्यांनी विचारलं.

"हाव," मी म्हटलं. "माही बी नाही देली."